दीड दिवसाच्या गणपतीसाठी एवढा खटाटोप कशाला?

चि. मनू,

फोनवर तू विचारलंस, "बाबा, शाळेत रंगवलेला गणपती तयार मिळतो, मग आजी मला हाताने करायला का सांगते? दीड दिवसाने बुडवायचाच ना?" आपल्या सिंधुदुर्गात मूर्तीच्या कारखान्याला 'गणपतीची शाळा' म्हणतात, तिथे घरचा पाट नेऊन द्यायचा आणि मूर्ती त्याच पाटावर घडायची. यंदा तो पाट तुझ्या पुढ्यात आलेला दिसतोय. 'का'चं उत्तर मस्कतहून देता यायचं नाही, सोंडेपाशी पोचलीस की तुझं तुलाच कळेल. कसं करायचं ते लिहितो.

सहा इंची मूर्तीला दीड किलो शाडू पुरे. पाण्यात भुकटी घाल, भुकटीवर पाणी ओतू नको, गुठळ्या होतात. रात्रभर भिजू दे. सकाळी चिमूटभर कापूस पिंजून मिसळ, त्याचे तंतू माती धरून ठेवतात. मग चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट मळ. पाटावर आधी कागद घाल. माती सुकताना आकसते, पाट आकसत नाही, त्यामुळे थेट चिकटली तर बैठकीला तडा जातो. हातापायांत काडी खुपसू नको तेही याचसाठी.

बैठक, पोट, मांड्या, डोकं झालं की सोंड. वळकटी निमुळती कर, दोन्ही जोडांवर सुईने आडव्या-उभ्या रेघा ओढ, मातीचा पातळ घोळ लाव आणि दाबून बसव. नुसती चिकटवलेली सोंड सुकल्यावर हमखास गळते. टोक पोटावर टेकव. सोंड जराशी वळवलीस की चेहरा लाडात येतो, ताठ ठेवलीस की गंभीर होतो. ती वळवून बघण्यातच तुझी दुपार जाईल आणि आजी जेवायला हाका मारत राहील.

उन्हात ठेवू नको. बाहेरून सुकून आत ओली राहिली की पोट फुटतं. कान आणि हात लवकर वाळतात, त्यांच्यावर ओलसर फडकं टाक, पोट उघडं ठेव. तिथल्या पावसात आठ-दहा दिवस धर. बारीक चीर पडलीच तर ओल्या बोटाने थोडा घोळ भर.

कच्च्या मातीवर थेट पाण्याचा रंग लावलास तर ती पुन्हा भिजून रंगात मिसळते. आधी खडूची भुकटी आणि डिंक यांचा पातळ हात दे, तो पूर्ण वाळू दे, मग रंग.

डोळे सगळ्यात शेवटी. याला आखणी म्हणतात. शून्य नंबरचा ब्रश घे. आधी वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ, त्याचा वरचा थोडा भाग पापणीखाली झाकलेला. पूर्ण गोल दिसला की देव दचकल्यासारखा वाटतो! पांढरा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. एक डोळा आज, दुसरा उद्या असं करू नको, हात बदलतो.

आणि बुडवण्याचं म्हणशील तर खणखणीत वाळलेली माती पाण्यात भसाभस सुटते, अर्धवट ओली तशीच बसून राहते. बादलीत विसर्जन कर, गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडाला घाल. माती कपड्यातून गाळून आजीकडे ठेव, पुढच्या वर्षी हीच मळायची. मुरलेली माती जास्त लवचीक असते.

आखणी चालू असताना फोन करू नकोस. झाल्यावर कर.

तुझा,
बाबा