'चोंगचिंग नगरपालिका' म्हणावे का?

प्रश्न असा आहे : बीजिंग, शांघाय, थिएनजिन आणि चोंगचिंग या चार चिनी शहरांना इंग्रजी मजकुरात 'म्युनिसिपालिटी' म्हणतात. मराठीत त्याला 'नगरपालिका' किंवा 'महानगरपालिका' म्हणावे, की 'केंद्रशासित प्रदेश'?

यातले एकही नको, आणि 'नगरपालिका' तर मुळीच नको. मराठीत नगरपालिका ही संस्था असते, भूभाग नव्हे. आपण नगरपालिकेत अर्ज देतो, नगरपालिकेत राहत नाही. शिवाय महाराष्ट्रातल्या महापालिका राज्याच्या कायद्याने चालतात आणि त्यांचा आयुक्त राज्य सरकार नेमते. चोंगचिंग कोणत्याही प्रांताच्या हाताखाली नाही, ते स्वतःच एका प्रांताच्या बरोबरीचे आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 82,400 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्तच. 2020च्या जनगणनेत लोकसंख्या 3 कोटी 20 लाख भरली. 'जगातले सर्वांत मोठे शहर' असे मथळे येतात ते याच आकड्यावरून. पण त्यात डोंगर, शेते आणि यांगत्सेकाठची खेडीही मोजलेली असतात. मधल्या नऊ नगरविभागांत राहणारे लोक एक कोटीच्या आसपास आहेत.

मूळ चिनी शब्दाचा ढोबळ उच्चार 'झीश्याशी'. 'झी' म्हणजे थेट, 'श्या' म्हणजे अखत्यार आणि 'शी' म्हणजे शहर. थेट कोणाच्या अखत्यारीत, हे शब्दात सांगितलेले नाही. केंद्राच्या, हे गृहीत आहे.

मग 'केंद्रशासित' का नको? भारतात केंद्रशासित प्रदेशाचे अधिकार राज्यापेक्षा कमी असतात. दिल्लीत निवडून आलेले सरकार असूनही नायब राज्यपालांशी अधिकारांचा वाद वर्षानुवर्षे चालला, हे आपण पाहिलेच. चीनमध्ये थेट केंद्राखाली येणे म्हणजे बढती. या शहरांचा महापौर प्रांताच्या गव्हर्नरच्या तोलाचा असतो, आणि त्याच्याही वर शहराचा पक्षसचिव. चारही शहरांचे पक्षसचिव सध्या कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्युरोत, म्हणजे वरिष्ठ नेत्यांच्या मंडळात आहेत. बहुतेक प्रांतांच्या सचिवांना तो मान नाही.

हा दर्जा कायमचा नसतो. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला अशी शहरे डझनभर होती. 1954मध्ये बाकीची प्रांतांत विलीन करून तीनच ठेवली, तेव्हा चोंगचिंग सिचुआनमध्ये गेले. थिएनजिन 1958मध्ये हपेई प्रांताला जोडले आणि 1967मध्ये पुन्हा सोडवले. चोंगचिंगला दर्जा परत मिळाला 1997मध्ये. तेव्हा सिचुआनची लोकसंख्या 10 कोटींच्या वर गेली होती, आणि थ्री गॉर्जेस धरणामुळे विस्थापित होणारे बहुसंख्य लोक सिचुआनच्याच पूर्व भागातले होते. म्हणून वानशिएन, फूलिंग आणि छिएनजिआंग हे मोठे ग्रामीण प्रदेश शहराला जोडून नवे एकक केले. 'शहर' एवढे अवाढव्य का, याचे उत्तर या जोडणीत आहे.

माझी शिफारस 'केंद्राधीन शहर' अशी आहे. पहिल्या उल्लेखात 'प्रांताच्या दर्जाचे' एवढे जोडावे, पुढे नुसते 'केंद्राधीन शहर' पुरते.

याहून जास्त घोटाळा करतो तो 'शी' हा शब्द. आपल्याकडे पुणे शहर वेगळे आणि पुणे जिल्हा वेगळा. चीनमध्ये 1980च्या दशकापासून शहरांकडे आसपासच्या काउंट्यांचा, म्हणजे आपल्या तालुक्यांसारख्या भागांचा, कारभार सोपवत गेले, त्यामुळे जिआंगसू प्रांतातले 'सूचौ शी' म्हणजे जवळपास आपला जिल्हा. त्याच सूचौच्या पोटात 'खुनशान शी' आहे, म्हणजे शहरात शहर. पहिले प्रिफेक्चर (प्रांत आणि काउंटी यांमधली पायरी) पातळीचे, दुसरे काउंटी पातळीचे. मराठीत दोन्हींना नुसते 'शहर' म्हटले की वाक्य निरर्थक होते. 'सूचौ जिल्हा-शहर' आणि 'खुनशान तालुका-शहर' असे लिहिले तर अर्थ एका नजरेत लागतो. शहराच्या पोटविभागाला मात्र 'जिल्हा' म्हणू नये. इंग्रजीतल्या 'डिस्ट्रिक्ट'वरून मराठीत 'फूतोंग जिल्हा' छापले जाते, पण फूतोंग हा शांघायचाच भाग आहे. तिथे 'नगरविभाग' बरा.

नावावरून पातळी कळत नसेल तर सहा अंकी प्रशासकीय क्रमांक पाहावा. चिनी ओळखपत्राची सुरुवात याच अंकांनी होते. पहिली जोडी प्रांताची, दुसरी प्रिफेक्चरची, तिसरी काउंटीची. खुनशानचा क्रमांक 320583 आहे : 32 म्हणजे जिआंगसू, 05 म्हणजे सूचौ, आणि शेवटची जोडी 81 किंवा पुढची असली की ते काउंटी पातळीचे शहर. केंद्राधीन शहरांना प्रांतासारखी स्वतःची पहिली जोडी आहे : बीजिंग 11, थिएनजिन 12, शांघाय 31, चोंगचिंग 50. सिचुआन 51वर आहे.

केंद्राधीन शहर आणि जिल्हा-शहर यांच्या मधली एक पायरी 'उपप्रांतीय' शहरांची. हा शब्द चालेल, पण त्यातला 'उप' उपसभापतीतला आहे, उपविभागातला नव्हे. शहराच्या प्रमुखांचा दर्जा प्रांताच्या उपगव्हर्नरएवढा, असा त्याचा अर्थ. शहर मात्र प्रांतातच राहते. 'उपप्रांत' असे नाम करू नये, तसा भूभाग अस्तित्वात नाही. 1994मध्ये अशी 16 शहरे ठरली आणि चोंगचिंग वर गेल्यावर 15 उरली. त्यांपैकी ग्वांगचौ, वुहान, चंगतू, नानजिंग यांसारखी दहा प्रांतांच्या राजधान्या आहेत. उरलेली पाच म्हणजे तालिएन, छिंगताओ, निंगपो, शियामेन आणि शेनचेन. केंद्राच्या आर्थिक नियोजनात या पाचांची नोंद प्रांतापासून स्वतंत्र असते, आणि करांचा हिशेबही ती केंद्राशी थेट करतात. त्यांना 'स्वतंत्र नियोजनाची शहरे' म्हणता येईल.

'टियर-वन शहर' हा या उतरंडीतला दर्जा नाही. ती बाजारातली आणि माध्यमांतली वर्गवारी आहे. बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि शेनचेन यांना तसे म्हणण्याची रूढी आहे. यांतली शेवटची दोन उपप्रांतीय आहेत. केंद्राधीन असूनही थिएनजिन आणि चोंगचिंग त्या चौकडीत नाहीत. आपल्याकडे घरभाड्याच्या भत्त्यासाठी केंद्र सरकार शहरांचे एक्स, वाय, झेड असे अधिकृत वर्ग करते, म्हणून मराठी वाचकाला चिनी टियरही सरकारीच वाटण्याची शक्यता असते. भाषांतरात तिथे 'प्रथम दर्जाचे' न लिहिता 'बाजारपेठेच्या दृष्टीने पहिल्या फळीतले' असे लिहावे.