पॉलिफेनिझम आणि पॉलिमॉर्फिझम एकच का?

तुम्ही विचारलंय की पॉलिफेनिझम म्हणजे काय, तो पॉलिमॉर्फिझमच आहे का आणि शब्द वापरायचा कसा. एकच नाही. या भानगडीत माझे प्रॅक्टिकलचे चार गुण गेलेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

एमएस्सीला कीटकांची पेटी लावायची होती. आमचं गाव साकोलीकडे, भंडारा जिल्हा, नजर जाईल तिथं धान. बांधीत आणि धुऱ्यावरच्या गवतात एक तपकिरी फुलपाखरू दिवसभर दडून बसतं आणि दिवेलागणीला उडतं. कॉमन ईव्हनिंग ब्राऊन. याच्या अळ्या धानाचीच पानं खातात. हिरव्यागार, अंगावर बारीक लव, डोक्यावर दोन शिंगं. श्रावणात आठ-दहा अळ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "लोकं अळ्यायले फवारून मारतात, अन् हा पोट्टा घरात पोसून राह्यला."

फुलपाखरं निघाली. पंख मिटले की खालच्या बाजूला डोळ्यांची ओळ दिसायची, काळा ठिपका, भोवती पिवळं कडं, मधोमध पांढरा टिंब. मग कापणीच्या वेळी धुऱ्यावरून शेवटच्या अळ्या आणल्या. त्यांतून निघालेल्यांना डोळे जवळपास नव्हतेच. पंखाचं टोक जास्त कोरलेलं, रंग वाळल्या पानाचा. त्यातलं एक आंब्याखालच्या पाचोळ्यात सोडलं तर दोन हातांवर बसलेलं मलाच सापडेना.

दोन्ही रूपं पेटीत शेजारी-शेजारी लावली, नाव एकच. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "या दोन जाती आहेत, एका नावाखाली काय लावल्या?" मी म्हटलं, सर, मी अळ्या पोसल्यात. "पुस्तक वाचा, बरण्या सांगू नका." लाल पेनाने गोल. आमचे गाईड शेजारीच होते, चहाच्या कपात बघत राहिले.

त्या सरांना तेव्हा मला जे सांगायला सुचलं नाही ते आता सांगतो. हीच चूक सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालणाऱ्या खुद्द लिनिअसने केली होती. युरोपातलं मॅप बटरफ्लाय वसंतात नारिंगी निघतं आणि उन्हाळ्यात काळं, पांढऱ्या पट्ट्याचं. त्याने १७५८ साली लेव्हाना आणि प्रोर्सा अशा दोन जाती करून टाकल्या. टोळांचीही तीच गत. एकटा राहणारा आणि झुंडीतला स्थलांतरित टोळ या दोन जाती मानत, १९२१ मध्ये कीटकशास्त्रज्ञ उवारोव यांनी दाखवलं की जात एकच आहे. मे २०२० मध्ये काटोल, वरुड, मोर्शीकडे टोळधाड आली ती वाळवंटी टोळांची, त्यांच्यातही ही दोन रूपं असतात. गर्दीत अंगाला अंग घासलं की रंग आणि वागणं पालटतं. त्या आठवड्यात मी परीक्षकांचा नंबर शोधत होतो. मिळाला नाही, बरंच झालं.

तर अर्थ. जनुकं तीच, पण वाढताना ऊब, ओल, गर्दी किंवा खाणं जसं मिळेल त्यावर ठरावीक वेगळी रूपं निघतात, तो पॉलिफेनिझम. मधमाशीची अळी राणी होणार की कामकरी हे तिला काय चारलं त्यावर ठरतं, तेही यातच आलं. युरियाने धान जरा उंच वाढला, हे यात धरू नका. रूपं स्पष्ट वेगळी ओळखू यायला हवीत.

काटेकोर अर्थाने पॉलिमॉर्फिझममध्ये मात्र फरक जनुकातच असतो. अंगणातल्या गोडनिंबावर कॉमन मॉर्मन नावाचं फुलपाखरू अंडी घालतं. त्याच्या माद्या तीन तऱ्हांच्या, एक नरासारखी आणि दोन विषारी रोझ फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या. हे डबलसेक्स नावाच्या जनुकावरून ठरतं, २०१४ मध्ये फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी ते दाखवलं. अळी पावसाळ्यात वाढवा की हिवाळ्यात, नक्कल करणारी साधी होत नाही.

वाक्यात असं लिहा, "ईव्हनिंग ब्राऊनमध्ये ऋतूनुसार पॉलिफेनिझम दिसतो." मराठीत बहुरूपता हा शब्द पॉलिमॉर्फिझमला आधीच दिलाय, म्हणून मी "परिस्थितीनुसार बहुरूपता" म्हणतो. बहुरूपी शब्दाने घोटाळा होतो. गावात येणारा बहुरूपी आज पोलीस, उद्या डॉक्टर. फुलपाखरू कोशातून निघाल्यावर सोंग बदलत नाही. (टोळ बदलतो. तो अपवाद घ्या.)

आता एक कबुली. पेटीतल्या लेबलावर मी स्वतः पॉलिमॉर्फिझम लिहिलं होतं. जुने लेखक दोन्हींना तेच म्हणत, आजही काहीजण म्हणतात, पण पॉलिफेनिझम हा वेगळा शब्द जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९६३ मध्येच सुचवला होता आणि मला माहीत नव्हता. शिवाय माझ्या दोन बरण्यांतल्या अळ्या एकाच आईच्या नव्हत्या. एकाच मादीची अंडी घेऊन निम्मी उबेत, निम्मी गारव्यात वाढवली असती तर फरक परिस्थितीचाच आहे हे सिद्ध झालं असतं. तेव्हा चारातले दोन गुण माझे मीच घालवले. उरलेले दोन मी सोडणार नाही.

आणि परीक्षेत इंग्रजीतून लिहिणार असाल तर फ साठी एफ नको, पीएच लिहा.