‘निम्मी चूक तुमचीच’ हे विमा कंपनीच्या माणसाने ठरवायचं नसतं

प्रश्न : वकीलताई, मी मिरजेत राहते. वय ३८. घरी शिलाईकाम करते, महिन्याला पंधरा हजारांपर्यंत सुटायचे. चार महिन्यांपूर्वी इचलकरंजीहून कापड घेऊन स्कूटीवरून परत येत होते. जयसिंगपूरजवळ समोरून आलेली कार एकदम उजवीकडे, माझ्या बाजूच्या पेट्रोल पंपात वळली आणि मला धडकली. उजव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड मोडलं, रॉड घातला आहे. गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. दवाखान्यात असल्यामुळे फिर्याद आठवडाभर उशिरा झाली. कारवाला म्हणतो, मीच राँग साइडने आले. हेल्मेट नव्हतं, हेही तो सगळ्यांना सांगतो. त्याच्या भावाने दवाखान्यात वीस हजार देऊन ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर माझ्या नवऱ्याची सही घेतली. आता विमा कंपनीचा माणूस म्हणतो, ‘निम्मी चूक तुमचीच आहे, दीड लाखात मिटवा. मेडिक्लेमचे मिळालेले नव्वद हजारही दाव्यातून वजा होतील.’ पोलिसांच्या कागदांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. काय करावं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, दीड लाखाच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे गंभीर दुखापत झालेल्या माणसाला चूक कोणाची हे सिद्ध न करताही अडीच लाख रुपये मागता येतात. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच. म्हणजे चूक कोणाची हा वाद एका अक्षरानेही न काढता जे मिळू शकतं, त्याच्याहून एक लाख कमी घेऊन तो माणूस तुमच्या दारात आला होता. याचा मला राग येतो. पण ते अडीच लाखही घाईने घेऊ नका. कलम १६४ ची भरपाई स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून करायचा मोठा दावा संपतो, आणि तुमचा दावा त्याहून बराच मोठा आहे.

आता चुकीकडे वळू. तुम्ही पाठवलेला घटनास्थळ पंचनामा मी दोनदा वाचला. त्यात एक ओळ आहे : काचांचे तुकडे आणि ऑइलचा डाग पेट्रोल पंपाच्या बाजूला, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीपासून चार फुटांवर. पंप तुमच्या डाव्या हाताला होता. तुम्ही राँग साइडला असता, तर धडक रस्त्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागात झाली असती आणि काचाही तिकडेच पडल्या असत्या. त्या तुमच्या बाजूला, अगदी कडेला पडल्या आहेत. दुसरा कागद आरटीओच्या वाहन तपासणीचा. कारचा पुढचा डावा हेडलाइट फुटलेला, डावीकडचा बंपर आत गेलेला. तुमच्या स्कूटीची उजवी बाजू चेपलेली, आणि मोडला तोही उजवाच पाय. कार जवळपास वळून झाली होती आणि तुम्ही नंतर येऊन तिच्यावर आदळलात असं असतं, तर मार कारच्या मागच्या दरवाज्याला दिसला असता. तो पुढच्या कोपऱ्याला आहे, म्हणजे कार तुमच्या वाटेत शिरत असतानाच धडक झाली. उजवीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. या दोन कागदांवर तुमची बाजू भक्कम उभी राहते.

असे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतात. तिथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. दोन्ही हकिगतींपैकी कोणती अधिक संभवनीय, एवढंच पाहिलं जातं. तुम्ही स्वतः शपथेवर साक्ष द्याल. तुमची निम्मी चूक म्हणायची असेल, तर ती सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे. त्यासाठी तिला कारचालकाला पिंजऱ्यात आणावं लागेल. पुष्कळ प्रकरणांत कंपनी त्याला आणतच नाही, कारण उलटतपासणीत तो टिकणार नाही हे तिलाही ठाऊक असतं. तो आला नाही, तर तुमच्या वकिलांनी त्यावर जरूर बोट ठेवावं. पंपावरचा जो मुलगा धावत आला होता, त्याचा जबाब कागदांत आहे. त्याला आत्ताच भेटून पत्ता आणि फोन घेऊन ठेवा, पंपावरची माणसं काम बदलत राहतात. सीसीटीव्हीचं चित्रण पोलिसांनी जप्त केलंय का, तेही विचारा.

हेल्मेट नव्हतं, हा नियमभंग खरा, आणि यापुढे ते घालाच. पण हेल्मेट नसल्यामुळे गुडघ्याखालचं हाड मोडत नाही. नियमभंगाचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवता आला, तरच तो तुमच्या वाट्याला चूक म्हणून धरता येतो. फिर्यादीच्या उशिराचंही तसंच. तुम्ही त्या वेळी कुठे होतात, हे डिस्चार्ज कार्डच सांगतं. नवऱ्याची सही असलेल्या कागदाचं फार मनावर घेऊ नका. जखमी तुम्ही आहात, सही तुमची नाही. वीस हजार मिळाल्याचं मात्र अर्जात स्वतःहून लिहा, लपवू नका. फार तर तेवढी रक्कम वळती होईल.

मेडिक्लेमबद्दल तो माणूस साफ चुकीचं बोलला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे की मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही. तो हप्ता तुम्ही भरला होता, कारवाल्याने नाही.

आकड्यांविषयी थोडं सविस्तर सांगते. पायाला ३० टक्के अपंगत्व असं डॉक्टरांनी लिहिलं, तर कंपनी म्हणेल, ‘संपूर्ण शरीराचं पंधराच टक्के धरा.’ हा हिशेब तसाच मान्य करू नका. ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पाहायचं ते कमाई किती बुडाली. डावा हात गेलेल्या ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकुनाची कदाचित नाही. तुमचं मशीन पायाने चालतं. पायडलवर उजवा पाय ठेवून दिवसभर बसता येत नसेल, तर ते नेमक्या शब्दांत साक्षीत यायला हवं : आधी दिवसाला किती ब्लाउज व्हायचे, आता किती होतात, कोणत्या दुकानाचं काम सुटलं. मोटारचं मशीन घ्यावं लागलं असेल तर त्याची पावती जोडा.

महिना पंधरा हजार धरले तर वर्षाचे १,८०,००० होतात. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसासाठी ‘प्रणय सेठी’ निकालाप्रमाणे पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २,५२,०००. तुमच्या वयाला ‘सरला वर्मा’ निकालातला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १५ आहे; गुणाकार ३७,८०,०००. कमाईची हानी २५ टक्के मानली गेली तर ९,४५,०००, पंधराच टक्के धरली तरी ५,६७,०००. औषधोपचार, रॉड काढण्याचं पुढचं ऑपरेशन, अंथरुणावर असतानाची बुडालेली कमाई, वेदना आणि व्याज हे सगळं याच्या वर. निम्मी चूक मान्य केली की यातला प्रत्येक रुपया निम्मा होतो. त्या एका शब्दावर कंपनीचा एवढा जोर का, ते यावरून कळेल.

पंधरा हजारांचा पुरावा कुठून आणायचा, ही घरी काम करणाऱ्या बायकांची खरी अडचण. ऑर्डरची वही, फोनवर आलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट, तुम्हाला काम देणाऱ्या साडीच्या दुकानदाराची साक्ष, हे तिन्ही गोळा करा. वही जुनीच द्या, सुवाच्य अक्षरात नवी लिहून काढू नका. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागेल, तेव्हा दाखला घेतानाच त्यांना तशी कल्पना द्या.

मुदतीकडे लक्ष द्या. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असा नियम आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. तुमचे चार महिने गेले. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तोही दावा म्हणून धरता येतो, तरी तुमचा स्वतंत्र अर्ज हवाच. अपघात कोल्हापूर जिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे सांगलीच्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. पाय दुखत असताना कोल्हापूरच्या खेपा कशाला? पुढे अपील करायची वेळ आली, तर मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसतं, मुंबई गाठावी लागणार नाही.

दावा लोकअदालतीत मिटवायलाही माझी हरकत नाही, पैसे लवकर हाती येतात. फक्त वरचा हिशेब समोर ठेवून बोला, कारण तिथल्या तडजोडीवर अपील नसतं. आणि दवाखान्यात ‘मिळेल त्यातले तीस टक्के आमचे’ म्हणणारे कोणी भेटले असतील, तर त्यांच्याकडे जाऊ नका. भरपाईच्या टक्क्यांवर फी ठरवायला वकिलांना मनाई आहे. फी परवडत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना पंचनामा, आरटीओचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची मूळ बिलं सोबत न्या. मूळ बिलं कोणाच्याही हाती देऊ नका, त्या विमा कंपनीच्या माणसाच्या तर नाहीच.