निवृत्तीच्या पैशातून १९४६ सालचे विमान घ्यावे का?

प्रश्न: मी ४४ वर्षांचा असून कॅलिफोर्नियात प्लेझंटन येथे राहतो, ग्रीन कार्ड आहे. तीन वर्षांपूर्वी खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला आणि गेल्या वर्षी भाड्याच्या सेस्ना १७२ वर, ताशी १९० डॉलर दराने, ३८ तास उड्डाण केले. कॅन्ससमध्ये विचिटाजवळ १९४६ सालचे सेस्ना १४० हे विमान ३६,००० डॉलरला विक्रीस आहे. त्याच्या इंजिनाचे ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, १९८९ साली झाले असून त्यानंतर ते फक्त ४१० तास चालले आहे. बचत खात्यात ७०,००० डॉलर आहेत. त्यातून २०,००० काढावेत, ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून २५,००० चे कर्ज घ्यावे आणि एप्रिलमध्ये एक आठवड्याची रजा काढून विमान स्वतः उडवत शेजारच्या लिव्हरमोरच्या धावपट्टीवर आणावे, असा विचार आहे. तिथे हँगरचे, म्हणजे विमान ठेवण्याच्या शेडचे, भाडे महिना ५०० आहे. घरखर्च महिन्याला ८,००० आहे आणि १,५०० शिल्लक राहतात. मुलगी दहावीत आहे. एच-१बी व्हिसावर असलेला एक मित्र निम्मा वाटा उचलायला तयार आहे. विक्रेत्याला आठवड्याभरात उत्तर हवे आहे.

उत्तर: आपण विमान घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. आपण योजलेल्या पैशाने आणि आपण योजलेल्या आठवड्यात मात्र ते घेऊ नये. या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र लिहीत आहे, कारण पैसा जितका ओढूनताणून जमवलेला असेल तितकी वाटेत थांबण्याची मुभा कमी होते, आणि ८५ अश्वशक्तीच्या विमानाने निम्मा देश ओलांडताना ती मुभा इंधनाइतकीच जवळ असावी लागते.

आधी किंमत पाहू. ३६,००० हा आकडा जाहिरातीतला आहे. कॅलिफोर्नियाचा रहिवासी परराज्यात विमान विकत घेऊन इथे वापरायला आणतो तेव्हा त्याला वापर कर भरावा लागतो. आपल्या भागात तो दहा टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे ३,७०० डॉलरच्या आसपास. आपल्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. खरेदीपूर्व तपासणी आणि त्यासाठी विचिटाची फेरी यांना २,००० धरा. आपण शिकलात ते नाकाखाली चाक असलेल्या विमानावर. १४० ला ते चाक शेपटीखाली आहे, त्यामुळे प्रशिक्षकाकडून टेलव्हीलचा, म्हणजे अशी विमाने उडवता येतात असा, उड्डाणवहीतला शेरा घ्यावा लागेल, आणि विमा कंपनी त्या शेऱ्यावर न थांबता या जातीच्या विमानावर प्रशिक्षकासह ठरावीक तास पूर्ण करण्याची अट बहुधा घालेल. त्याचे २,५०० धरा. विमान घरी आणण्याचे ४,००० कसे होतात ते पुढे सांगतो. पहिल्या वार्षिक तपासणीत जे निघेल त्यासाठी किमान ६,००० बाजूला हवेत. ही बेरीज ५४,२०० होते आणि आपल्या हाताशी कर्जासह ४५,००० आहेत.

आता वर्षाचा खर्च. आपण कळवलेले हँगरचे भाडे महिना ५०० म्हणजे वर्षाला ६,००० होते, विम्याचे १,९००, वार्षिक तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती यांचे २,५००, काउंटीचा मालमत्ता कर किमतीच्या एक टक्का धरला तर ३६०. विमान जागचे हलले नाही तरी हे १०,७६० डॉलर जाणार. हँगर वाचवून विमान उघड्यावर बांधून ठेवावे असे मनात आले असेल तर ते सोडून द्या. या मॉडेलचे पंख कापडाने मढवलेले असतात आणि कॅलिफोर्नियाचे ऊन ते कापड खाऊन टाकते. इंधन तासाला साडेपाच गॅलन, गॅलनला साडेसहा डॉलर आणि इंजिनाच्या पुढील ओव्हरहॉलसाठी तासाला १५ डॉलर धरले, तर ३८ तासांचे आणखी १,९३० होतात. म्हणजे एका तासाला सुमारे ३३४ डॉलर, भाड्याच्या विमानाच्या पावणेदोन पटीहून जरा जास्त. वर्षाला शंभर तास उडालात तर हाच दर १५८ वर येतो, हे खरे आहे; पण दहावीतली मुलगी आणि पूर्णवेळ नोकरी असलेला माणूस पुढच्या वर्षी एकाएकी शंभर तास उडेल, हे गृहीत धरून हिशेब मांडणे मला जमत नाही.

मालमत्ता करात एक सवलत मात्र आपल्या बाजूची आहे. ३५ वर्षांहून जुने विमान व्यक्तीच्या मालकीचे असेल, व्यवसायासाठी वापरले जात नसेल आणि वर्षातून किमान १२ दिवस लोकांना पाहण्यासाठी मांडले जात असेल, तर कॅलिफोर्नियात ते ऐतिहासिक विमान म्हणून या करातून सुटते. अर्जाचे शुल्क ३५ डॉलर आहे. जुने विमान ठेवणाऱ्याला रविवारी ते लोकांना दाखवायला आवडतेच. त्याचे कोणी ३६० डॉलर देत असेल तर नाही का म्हणा?

४०१(के) मधल्या कर्जाबद्दल मी अधिक कठोर आहे. २५,००० डॉलर पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना ५०० च्या आसपास येतो. वर्षाला १२,७०० म्हणजे महिना १,०६० विमानाला लागणार. आपली शिल्लक १,५०० आहे आणि ही बेरीज तिच्या वर जाते. मुलीचे महाविद्यालय दोन वर्षांवर आले असताना त्यासाठी एक पैसाही बाजूला न टाकता, उलट मागे सरकत आपण हे विमान पोसणार. शिवाय नोकरी सुटली आणि त्या वर्षीचे विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत उरलेली रक्कम आपण निवृत्ती खात्यात परत भरू शकला नाहीत, तर ती उचललेली रक्कम समजली जाते. तिच्यावर प्राप्तिकर लागतो आणि आपल्या वयात वर दहा टक्क्यांचा दंडही बसतो. आपण ज्या क्षेत्रात आहात तिथे नोकरकपातीच्या लाटा येतात हे मी आपल्याला सांगायला नको.

मग हातात काय उरते? सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे ४८,००० डॉलर, न शिवण्याचे. उरलेले २२,००० आपले. एप्रिलऐवजी ऑक्टोबर धरला तर त्यात ९,००० ची भर पडते. ३१,००० डॉलरमध्ये अखंड विमान बसत नाही, पण निम्मे बसते: ५४,२०० चे निम्मे २७,१०० होतात. वर्षाचा ठरलेला खर्चही वाटला गेला की ३८ तासांचा दर १९२ वर येतो, म्हणजे आज भरता तेवढाच, आणि महिन्याला ६१० च्या पुढे जात नाही. म्हणून एकट्याने घेण्याचा आग्रह सोडा.

मात्र तो भागीदार आपला मित्र असू शकत नाही. अमेरिकेत व्यक्तीच्या नावावर विमानाची नोंदणी व्हायची तर ती व्यक्ती नागरिक किंवा कायमची रहिवासी असावी लागते, आणि सहमालकालाही हेच लागू आहे. पैसे त्याचे आणि कागदावर नाव फक्त आपले, हा आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात चालणारा प्रकार इथे करू नका. अपघात झाला किंवा मैत्री बिघडली तर दोघांचेही हात बांधलेले राहतील. लिव्हरमोरच्या हँगरांच्या रांगेत विचारा. टेलव्हीलचा अनुभव असलेला, वर्षाला पन्नास तास उडणारा आणि हिशेबाची वही ठेवणारा माणूस मिळाला, तर विम्याचा हप्ताही सोपा जाईल.

विचिटाच्या विमानाबद्दल आपण लिहिता की इंजिनाचे ओव्हरहॉल १९८९ साली झाले असून त्यानंतर ते फक्त ४१० तास चालले आहे, आणि ही जमेची बाजू म्हणून आपण मांडली आहे. मला ती उलट वाटते. ३५ वर्षांहून अधिक काळात ४१० तास म्हणजे हे इंजिन बहुतेक काळ उभे होते, आणि उभे इंजिन आतून गंजते. ते उघडावे लागले तर वीस हजार डॉलरच्या खाली सुटका होणे अवघड. विक्रेत्याने नुकतीच वार्षिक तपासणी करून घेतली आहे, पण ती करणाऱ्या मेकॅनिकवर विसंबू नका. दुसरा, या जातीची विमाने हाताळलेला माणूस पैसे देऊन न्या, त्याला सिलिंडरांत आतून पाहू द्या, पुढच्या चाकांचे पाय जिथे अंगाला जोडले जातात तिथले तडे शोधू द्या, आणि १९४६ पासूनच्या देखभालीच्या सगळ्या वह्या वाचू द्या. ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयातून विमानावर कोणाचा बोजा नाही ना, हेही काढून घ्या.

राहिला प्रवास. विचिटाहून सरळ पश्चिमेला रॉकी पर्वत आडवा आहे. एवढ्या इंजिनाने तो ओलांडायचा नसतो. दक्षिणेकडून, एल पासो गाठून आंतरराज्य मार्ग १० च्या सोबतीने डेमिंग आणि टूसॉन, तिथून मोहावी, तेहाचापीची खिंड, आणि मग खोऱ्यातून वर लिव्हरमोर, असे सुमारे १,७०० मैल होतात. पश्चिमेचा वारा बहुधा तोंडावर असतो, म्हणून वीस तास धरा. इंधन ११० गॅलन, सातशे डॉलर. ४,००० मधला बाकीचा पैसा सोबत बसणाऱ्या अनुभवी प्रशिक्षकाचे मानधन, मुक्काम, आणि विमान वाटेत सोडून प्रवासी विमानाने घरी येऊन पुन्हा ते न्यायला जाण्याचे तिकीट यांचा आहे. हे तिकीट खर्चाच्या यादीत आधीच लिहिलेले असावे, कारण जे लिहिलेले नसते ते वाचवण्यासाठी माणूस दुपारच्या उन्हात डेमिंगहून उडतो. त्या धावपट्टीची उंची ४,३०० फूट आहे आणि तापलेल्या विरळ हवेत ८५ अश्वशक्तीतले किती उरतात हे आपण शिकला आहातच. एप्रिल हा पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत सोसाट्याच्या वाऱ्यांचा महिना आहे, आणि टेलव्हीलला आडवा वारा फार सोसत नाही. ऑक्टोबरमध्ये हवा निवळलेली असते, तेव्हा दहा दिवसांची रजा काढा.

आयुर्विमा पॉलिसीचे कागद मात्र आजच काढा. नोकरीतून मिळणाऱ्या अपघाती मृत्यूच्या जादा संरक्षणातून स्वतः विमान चालवताना झालेला अपघात बहुधा वगळलेला असतो. आपल्या मूळ पॉलिसीत असे कलम आहे का, ते पत्नीसोबत बसून वाचा.

विक्रेत्याला कळवा की तपासणीआधी हो म्हणता येणार नाही आणि पैसे ऑक्टोबरपूर्वी देता येणार नाहीत. तो बहुधा दुसऱ्याला विकेल, आणि विकू द्या. सेस्नाने १२० आणि १४० मिळून सात हजारांहून अधिक विमाने बांधली आणि त्यांतली बरीच अजून उडत आहेत. तोवर टेलव्हीलचा शेरा घेऊन ठेवा. तो शेपटीखाली चाक असलेल्या कोणत्याही विमानाला चालेल.