‘स्टार ट्रेक’ पहिल्यांदा पाहणाऱ्या भावास

भाऊ, ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या अमेरिकी विज्ञानकथा मालिकांपैकी १९६६ ते १९६९ दरम्यान प्रसारित झालेल्या मूळ मालिकेचे ७९ भागच आधी घ्या. नंतरच्या मालिकांचा क्रम आताच लावत बसू नका. नवखी माणसे सेटवरचे पुठ्ठ्यासारखे खडक पाहून दुसऱ्याच भागात मालिका सोडतात, ही सर्वांत मोठी चूक आहे. भाग बहुतांशी स्वतंत्र असल्याने पहिल्या सत्रातील ‘बॅलन्स ऑफ टेरर’पासून सुरुवात करावी: एकमेकांना सुगावा लागू नये म्हणून शत्रूचे आणि नायकांचे अशी दोन्ही अंतराळयाने निपचित असताना नायकांच्या यानावरील अधिकारी स्पॉकच्या हातून चुकून एक बटण दाबले जाते, तो क्षण मी ओलिताच्या रात्री धुऱ्यावर बसून मोबाइलवर पाहिला, तेव्हा शेजारची मोटारसुद्धा ऐकू येईनाशी झाली होती. एका बैठकीत एकच भाग पाहा. तिसरे सत्र तुलनेने कमकुवत आहे, ते शेवटी ठेवा; आणि इंग्रजी संवाद निसटत असतील, तर सबटायटल्स खुशाल सुरू ठेवा.