गणती एकावरच अडते तेव्हा

प्रश्न : लिनक्सवर नेटवर्क ड्रायव्हर लिहितोय. मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जोडलेला ड्रायव्हरचा तुकडा) काढताना मशीन अडकतं आणि दर दहा सेकंदांनी ‘यूसेज काउंट = १’ (वापराची गणती एक) असा संदेश येत राहतो. काय चुकतंय? – एक वाचक, सातपूर

उत्तर : कोडमध्ये कुणीतरी तुमचं नेट-डिव्हाइस (कर्नलमधली नेटवर्क कार्डाची नोंद) हातात धरलंय आणि सोडलेलं नाही. सावानातलं (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातलं) पुस्तक वाचकाकडेच असेल, तर ते यादीतून कसं काढणार? कर्नलही तसाच थांबून राहतो, आणि ते योग्यच आहे. गणती उलट एकने कमी पडली असती, तर मोकळी झालेली मेमरी वापरात राहिली असती. तो घोळ याहून कितीतरी वाईट.

गंगापूर रोडच्या खोलीत मी याच संदेशापुढे तीन रात्री काढल्यात. होल्ड (डिव्हाइस धरणं, गणती एकने वाढते) आणि पुट (सोडणं, एकने घटते) मोजले, तर सरळ वाटेवर जोड्या बरोबर होत्या. चूक होती चुकीच्याच वाटेवर! मेमरी मिळाली नाही की फंक्शन मधूनच परतत होतं, पुट न करता. म्हणून होल्डनंतरचा प्रत्येक ‘रिटर्न’ बोट ठेवून तपासा. टायमर आणि वर्कक्यूही (नंतर करायच्या कामांची रांग) बघा, ते रद्द केले की त्यांच्याकडचा होल्ड तसाच राहून जातो.

डोळ्यांना सापडलं नाही, तर कर्नल ५.१७ किंवा पुढचा घ्या. त्यात २०२२पासून रेफ-ट्रॅकर, म्हणजे होल्ड-पुटची नोंद ठेवणारी सोय, आहे. नेट-डिव्हाइसचा ट्रॅकर कॉन्फिगमध्ये चालू करून कर्नल बांधा. ट्रॅकरसह घेतलेला होल्ड कुठल्या ओळीत घेतला, त्याचा स्टॅकच (तिथवर कोणती फंक्शन्स एकामागून एक बोलावली गेली, ती यादी) तो छापतो. साधे होल्ड मात्र त्यात ओळखू येत नाहीत, ते आधी ट्रॅकरसह घ्यायच्या होल्डमध्ये बदला.