शिवणकामात उरलेल्या तुकड्यांतून गोधडीचे चौकोन कसे करावेत?

तुम्ही घरी ब्लाउज आणि परकर शिवता, तुकड्यांच्या पिशव्या भरल्यात, एकाचं माप दुसऱ्याला जुळत नाही आणि तरी त्यातून सारखे चौकोन करून गोधडी शिवायची आहे, असं तुम्ही विचारलंय. माझं सांगणं एवढंच, की तुकडे मापात कापत बसू नका. माप अस्तराला द्या, तुकडे आहेत तसे त्यावर लावा.

नमुन्यांमध्ये दिसणारे चौकोन बहुतेक नव्या कोऱ्या, एकाच जातीच्या सुती कापडाचे असतात. आपल्याकडे साठतं ते कातरण: मुंढ्याचे आणि गळ्याचे वाकडे तुकडे, बाहीलगतच्या निमुळत्या पट्ट्या, ब्लाउजपीसची उरलेली किनार. त्यातून नेमके चौकोन काढायला गेलात तर निम्मं कापड पुन्हा चिंधीत जातं.

सगळ्यात आधी निवड करा, आणि ती रंगावरून नको, कापडाच्या जातीवरून करा. टू बाय टू, पॉपलिन, केंब्रिक, परकराचं सुती कापड, जुनी सुती साडी हा एक ढीग. जॉर्जेट, शिफॉन, साटन दुसरा. टी-शर्टचं होजिअरी तिसरा, कारण ते ताणतं आणि शेजारच्या सुती तुकड्याला चुण्या पाडतं. गोधडीला फक्त पहिला ढीग घ्या. खण घालायचा मोह मलाही होतो, आणि दिसतोही सुंदर, पण लाल, जांभळे आणि गर्द हिरवे तुकडे आधी तपासा: ओलं पांढरं फडकं तुकड्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा रंग जायचा थांबेपर्यंत वेगळा धुवा, नाहीतर सोडून द्या. जरीची किनारही नको. ती टोचते, आणि जुनी जर धुण्यात तुटते.

आता चौकोन. जुनं धोतर किंवा विरलेली पण न फाटलेली सुती साडी घ्या आणि अस्तरासाठी तिचे 10 इंचांचे चौकोन उभ्या-आडव्या धाग्यावर सरळ कापा. हे महत्त्वाचं आहे. वरचे तुकडे कसेही, अगदी उरेबवर, म्हणजे तिरप्या धाग्यावर, कापलेले असले तरी चालतात, कारण ताण खालचं सरळ कापड धरून ठेवतं. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, बरोबर मधोमध, दीड-दोन इंच रुंदीची पट्टी सुलट ठेवा. तिच्यावर दुसरी पट्टी उलट ठेवून कडेला कड लावा, पाव इंचावर शिलाई घाला, उलगडा, इस्त्री फिरवा. मग तिच्या कडेला तिसरी. असं दोन्ही अंगांनी कोपरे झाकेपर्यंत. शेवटी चौकोन पालथा घालून मोजपट्टीने साडेनऊ इंचांवर छाटा. शिलाईत दोन्हीकडून पाव-पाव इंच गेला की 9 इंचांचा नेमका चौकोन मिळतो.

प्रत्येक चौकोनातली मधली पट्टी मात्र एकाच रंगाची ठेवा. बाकी सगळा गोंधळ असू दे. चार चौकोन फिरवून जोडलेत की त्या पट्ट्यांचा मोठा शंकरपाळा तयार होतो आणि विजोड रंगांनाही शिस्त येते. मला काळी किंवा गर्द निळी पट्टी आवडते. पांढरी लवकर मळते.

अगदी छोटे वाकडे तुकडे फेकू नका. दोन-दोन जोडा, एक कड सरळ कापा, पुन्हा जोडा, की त्यांचीही पट्टी होते. पण बोटभर रुंदीपेक्षा लहान तुकडा खरंच सोडून द्या. त्यात शिलाईचाच जाडपणा उरतो आणि हाताच्या सुईला तो भेदवत नाही.

एका माणसाच्या गोधडीला आडवे 6 आणि उभे 9, म्हणजे 54 चौकोन लागतात. भोवती तीन इंचांचा काठ लावला की 60 बाय 87 इंच भरते. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 45 इंचांचा असतो, म्हणून मागच्या बाजूला जोड द्यावा लागेल. अस्तराचा एक थर आधीच आहे, तेव्हा मध्ये जुन्या मऊ साडीचे दोन थर पुरेत. थर जमिनीवर अंथरून आधी मोठे कच्चे टाके घाला, मगच हाताने धावदोरा. मशीनची टीप लवकर होते हे खरं, पण गोधडीचा तो मऊ सुरकुतलेला पोत हातच्या धावदोऱ्यानेच येतो.

मशीन नसणाऱ्यांसाठी आणखी एक रीत आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्या चौकोन करतच नाहीत. मागचं कापड अंथरून कोपऱ्यापासून सुरुवात करतात, तुकड्याची कड दुमडून थेट थरांवर ठेवतात आणि धावदोरा घालत कडेकडेने फेऱ्या मारत मध्यावर पोचतात. जोडणं आणि भरणं एकाच टाक्यात होतं. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय त्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पुरी होत नाही. तुमचा हात धावदोऱ्यावर बसलेला असेल तर ही रीत जरूर करून पाहा. मला ती आपल्या वाकळेची सख्खी बहीण वाटते.

तुम्ही पहिल्यांदाच करताय, तर 54 चौकोनांना एकदम हात घालू नका. चार चौकोनांचा 18 इंचांचा उशीचा अभ्रा करा, किंवा 16 चौकोनांचं 36 इंचांचं बाळाचं दुपटं. दुपट्यात मधल्या साड्यांचा एकच थर घाला आणि पहिल्यांदा ते गार पाण्यात एकटंच धुवा. ओलं असताना दोरीवर लटकवू नका, कारण पाण्याच्या वजनाने टाके ओढले जातात. खाटेवर पसरून सावलीत वाळवा.